महामायेचा हातगुण

"टाकलं न्हाई म्हणलं ना! किती बार इचारशील? नखावर बसंल एवढं बी पॅलॅडियम टाकलं न्हाई म्या."

"मंग ताई, माझ्याकडं कामून होईना? तीच राख, तीच पावडर, तेच पाणी. तुमच्या शेजारी उभं राहून केलं की म्या."

"उभा व्हतास, पण ध्यान फोनमधी व्हतं तुझं."

"परवा फोन घरी ठेवून आलो. बायकोनं संध्याकाळी उभं-आडवं घेतलं, कुणीकडं मेला व्हतास मनून. तरी बी न्हाई झालं." बालाजीनं हातातली पट्टी जांभळ्या दिव्याखाली पुन्हा धरली. जोडणी झाली की पट्टीवर नवीन ठिपका उमटतो; इथं जुना ठिपका तेवढा जागेवर होता, नवीन काहीच नाही. पट्टी टोपलीत टाकून तो स्टुलावर बसला. "तुमच्या हाताला गुण हाय ताई. दुसरं काई न्हाई."

महामाया काचेची भांडी धुवायला वळली. पण ती गोष्ट तिला गोड लागली. ज्या खोलीत सगळं मोजून-तोलून चालतं त्या खोलीत असली गोष्ट गोड लागू नये, हे तिला कळत होतं. तरी लागली.

नांदेडच्या त्या रसायनशास्त्र विभागात महामाया दोन कार्बन एकमेकांना जोडायचं काम करायची. ऐकायला सोपं वाटतं, पण कार्बनला कार्बन जोडणं म्हणजे दोन मानी घराण्यांत सोयरीक जमवणं. आपण होऊन कुणी कुणाच्या दारात जात नाही. म्हणून एका बाजूच्या कार्बनला बोरॉनसोबत पाठवतात. बोरॉन म्हणजे नवरीचा मामा. तो नवरीला धरून मांडवापर्यंत आणतो, सोडतो आणि बाजूला होतो. दुसऱ्या बाजूचा कार्बन ब्रोमिनला धरून बसलेला असतो, त्याला तिथून उठवावं लागतं. हे उठवणं-बसवणं करायला मध्यस्थ लागतो आणि तो मध्यस्थ म्हणजे पॅलॅडियम नावाचा धातू. चिमूटभर टाकला तरी पुरतो, पण सोन्याच्या पेढीवर शोभेल अशा भावाचा. शिवाय सोयरीक पचायला खाराचं पाणी लागतं.

ते खाराचं पाणी महामाया केळीच्या राखेतून काढायची. अर्धापूरकडं केळीचा घड उतरवला की उरलेला खांब बांधावर पडून राहतो. तो वाळवून जाळायचा, राख पाण्यात भिजवायची, फडक्यातून गाळायची. तिच्या मायनं आयुष्यभर लुगडी अशाच पाण्यात धुतली होती. महामायानं त्यात बोरॉनची पावडर आणि ब्रोमिनवाला भिडू घालून ढवळत ठेवलं, आणि एक दिवस असं झालं की पॅलॅडियम न टाकताच सोयरीक जमली. मध्यस्थ नाही, काही नाही. तिनं पुन्हा केलं, पुन्हा जमली. पट्टीवर नवीन ठिपका निळा-जांभळा चमकला तेव्हा तिनं दिवा बंद करून परत लावला, डोळ्याचा भरवसा वाटेना म्हणून.

ह्या एका गोष्टीवर तिची पीएचडी उभी होती. पीएचडी झाली तर मुखेडच्या कॉलेजात निघणारी पक्की जागा मिळायची आशा होती. तिथं ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. तास घेतला तर पगार, सुट्टी आली की पोट बांधा. आठवड्याचे निम्मे दिवस मुखेड, निम्मे नांदेड, मधल्या वेळात एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोप. लग्न झालं होतं, मोडलं. त्याची गोष्ट ती कुणाला सांगत नाही, म्हणून इथंही नाही.

पण हातगुणाची गोष्ट सांगावी लागेल.

तिची आजी तुळजाबाई मुखेडच्या अलीकडच्या त्यांच्या गावात बाळंतपणं करायची. आडवं मूल सरळ करण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं. पाटलाच्या घरच्या बाईला कळा लागल्या की माणूस महारवाड्याकडं पळत यायचा. त्या वेळी वस्तीला तेच नाव होतं. तुळजाबाईला मागच्या दारानं आत घ्यायचे. मूल रडलं की तिला परत मागच्या दारानं काढायचे, खोली शेणानं सारवायचे आणि लुगडं-सुपारी वरून तिच्या ओंजळीत टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. ज्या हातानं त्यांचा वंश बाहेर काढला त्या हाताला. पण सगळं गाव एक गोष्ट म्हणायचं, म्हातारीच्या हाताला गुण हाय. छप्पन सालानंतर घरातले देव निघाले, बुद्धाची तसबीर लागली, रिवाज बदलले. तुळजाबाईनं ते सगळं मान्य केलं, पण तो एक शब्द सोडला नाही. गावानं तिला दिलेली तेवढीच एक गोष्ट होती.

म्हणून बालाजी सहज बोलून गेला ते महामायाच्या आत कुठं जाऊन बसलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. बालाजी हिमायतनगरकडचा, घरची शेती, दोन लेकरांचा बाप, उशिरा शिकायला आलेला. मन साफ, तोंड सैल. त्यानं दोन दिवसांत सगळ्या विभागात करून टाकलं की हे काम महामायाताईच्याच हातानं होतंय. पोरी येता-जाता तिच्या हाताला हात लावून जायच्या, परीक्षेला यश यावं म्हणून. ती हसून "चला, कामं करा" म्हणायची. हात मात्र मागं घ्यायची नाही.

तिचे मार्गदर्शक शिवप्रसाद सर. उदगीरकडचे, घरात कानडी. माणूस पापभीरू, पण महामायाचं काम जमल्यापासून त्यांची चालच बदलली होती. जाईल तिथं सांगायचे, आमच्या मुलीनं केळीच्या राखेत केलं बघा, धातूशिवाय. त्यांनी ते छापायला पाठवलं, आणि तिथून हैदराबादच्या डॉ. गंगम्मांकडं तपासायला गेलं. गंगम्मांच्या लॅबात ते काही केल्या होईना. त्यांनी सरांना फोन केला आणि चांगल्या शब्दांत म्हणाल्या, ज्या मुलीनं केलंय तिलाच पाठवा, आमच्या डोळ्यांसमोर करू द्या.

"येनम्मा, जाशील ना?" सरांनी विचारलं.

"जाते की सर. आपल्याला काय भेव हाय?"

नांदेड स्टेशनावर ती स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. डब्यात राख. गाडीत गर्दी होती. शेजारच्या म्हाताऱ्यानं डब्याच्या झाकणाला लागलेली राख पाहिली, उठून उभा राहिला आणि आपल्या पोरालाही उठवलं. "बस माय, ऐसपैस बस. उलटी निघालीस व्हय? गोदावरी तर हितं ऱ्हायली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाची हाय?"

"केळीची," महामाया म्हणाली.

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "लेकरू व्हतं का?"

तिनं समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. केळी नावाचं लेकरू गेलं असं समजून त्या माणसानं निजामाबादपर्यंत तिला पाणी विचारलं. हैदराबाद आलं तेव्हा तिला त्या डब्याचं ओझं वाटायला लागलं होतं.

गंगम्मांच्या लॅबात सगळं चकचकीत. महामायानं राख आपली वापरली, पावडर आपली. काचेचा चंबू त्यांचा, आणि चंबूत ढवळायला टाकतात ती बीडही त्यांचीच. बीड म्हणजे बोटाच्या पेराएवढी लोहचुंबकाची कांडी, वर टेफ्लॉनचं पांढरं कवच. खालच्या यंत्राचं चुंबक फिरलं की ती चंबूत गरगर फिरते. गंगम्मांची बीड नवीकोरी होती, दुधाच्या दातासारखी. पहिल्या दिवशी काही झालं नाही. महामाया म्हणाली, पाणी वेगळं असंल. दुसऱ्या दिवशी नांदेडहून नेलेल्या बाटलीतलं पाणी घातलं. पट्टीवर जुना ठिपका. भोवती उभ्या असलेल्या पोरांनी एकमेकांकडं पाहिलंसुद्धा नाही. ते तिला जास्त लागलं.

निघताना गंगम्मा दारापर्यंत आल्या. "होता है ऐसा," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत ती एकच हिशेब करत होती. चूक बालाजीकडून झाली असती तर ती बालाजीची चूक राहिली असती. तिच्याकडून झाली की ती तिच्या एकटीची राहत नाही. कुणी तोंडावर बोलत नाही, पण चहाच्या टपरीवर बोलतात, बघा, ह्यांचं असंच, सवलतीनं वर आलं की असं होतंय. तिच्या बापानं हे आयुष्यभर एसटीच्या डेपोत ऐकलं होतं. खोटेपणा तिनं केला नव्हता. पण न केलेला खोटेपणा दाखवायचा कसा?

नांदेडला उतरून ती तशीच विभागात गेली. दारातच बालाजी पेढ्याचा पुडा घेऊन उभा.

"घ्या ताई! झालं की! माझ्या हातानं झालं! तुमचा हातगुण मागं ऱ्हायला व्हता, म्या उचलला." त्यानं पट्टी पुढं केली. पेन्सिलीनं गोल केलेला नवीन ठिपका, जिथं असावा तिथंच.

महामायाच्या हातातला डबा तसाच राहिला. "कसं केलास?"

"जसं रोज करतो तसं. राख तीच, सगळं तेच."

"काहीतरी बदललं असशील."

"काई न्हाई बगा. हां, बीड तेवढी तुमची घेतली. माझी बेसिनमधी गेली, आता गोदावरीला लागली असंल. तुमच्या ड्रॉवरमधी ती जुनी व्हती, ती घेतली. इचारलं न्हाई, चुकलं." तो हसला. "बीड जिल्ह्यानं तारलं नांदेडला."

ती हसली नाही. ड्रॉवरजवळ जाऊन तिनं बीड हातात घेतली. पुनमताईची बीड. पुनम तिच्या आधीची, पीएचडी करून नोकरीला लागून गेली. जाताना तिनं सगळ्यांसमोर ही बीड महामायाच्या ओंजळीत ठेवली होती, जशी लेकीला निरोप देताना काहीबाही ठेवतात तशी. ती त्या विभागाची रीतच होती, यश आलेल्याची बीड मागच्यानं घ्यायची. महामाया ती कुणाला देत नसे. काम झालं की स्वतः साबणानं धुवायची, वरून राखेनं घासायची, भांड्यासारखी.

पुनमताईनं त्या बीडवर सगळी वर्षं जे काम केलं ते पॅलॅडियमचं होतं.

बीडचं कवच लांबून पांढरं दिसायचं. खिडकीशी नेऊन पाहिलं तर त्यावर बारीक चरे, आणि चऱ्यांत करडी छटा. धातू तिथं जाऊन बसला होता, डोळ्याला दिसणार नाही इतका. साबणानं निघत नाही, राखेनं तर मुळीच नाही. आणि तो जास्त लागतही नाही. मध्यस्थ एक सोयरीक लावून मोकळा होतो आणि पुढच्या दाराला जातो, थकत नाही, सरत नाही. कणभर पुरतो. तो प्रत्येक वेळी चंबूत होता. तिनं टाकला नव्हता, पण होता.

बालाजीला अजून काही उमगलं नव्हतं. तो पेढा खात म्हणाला, "ताई, आता ही बीड घेऊन परत जावा हैदराबादला. पैजेवर सांगतो, तिथं बी व्हतंय. तोंडं बंद करून या त्यांची."

खरंच होतं ते. बीड पर्समध्ये टाकायची, गंगम्मांसमोर चंबूत सोडायची. ठिपका उमटला असता, पेपर छापला गेला असता, पुढं पीएचडी, पुढं मुखेडची जागा. बालाजीला कळलं नव्हतं, सरांना कळणार नव्हतं. तिनं कुठं खोटं बोलायचं नव्हतं. नुसती एक कांडी बरोबर न्यायची होती.

ती खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं. मग तिनं केस बांधले, ॲप्रन घातला, दोन जोड हातमोजे एकावर एक चढवले.

"बालाजी, हूड चालू कर. आम्लराज बनवायचाय."

"काय धुवायचंय?"

"बीड."

बालाजीचा घास थांबला. आम्लराज म्हणजे दोन जहाल आम्लांचं मिश्रण, सोनंसुद्धा विरघळवणारं. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला सगळं एकदम समजलं. "ताई, नका धुऊ. धुतली की गेलं ना सगळं."

"गेलंच हाय. आपल्याला उशिरा समजलं."

विषारी वाफा ओढून घेणाऱ्या हूडखाली तिनं बीड आम्लराजात सोडली. त्याचा रंग केशरी होत गेला. पण तो एरवीही होतो, त्यावरून काही कळत नाही. कळायचं ते पुढं. पाण्यानं धुऊन तिनं तीन चंबू मांडले. एकात धुतलेली बीड, एकात कोरी, तिसऱ्यात कोरी बीड आणि मुद्दाम घातलेला पॅलॅडियमचा कण. तिन्हींत तीच राख, तेच सगळं. ढवळत ठेवलं आणि ती समोर बसून राहिली. बालाजी चहा घेऊन आला, तो गार झाला. पहिल्या चंबूची पट्टी, काही नाही. दुसऱ्याची, काही नाही. तिसऱ्याची पट्टी दिव्याखाली धरली तेव्हा निळा-जांभळा ठिपका भसकन डोळ्यात आला.

शिवप्रसाद सर आले ते त्याच वेळी. "येनम्मा, हैदराबादचं काय झालं? फोन नाही, काही नाही."

तिनं तिन्ही पट्ट्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि सांगितलं. बीडपासून पुनमपर्यंत, राखेनं घासण्यापर्यंत. आडपडदा ठेवला नाही. सरांनी चष्मा काढला, पट्ट्या जवळ नेल्या, दूर नेल्या. मग खाली बसले.

"धुवायची कशाला होती?" ते हळूच म्हणाले.

हूडचा पंखा घरघरत राहिला. सरांना आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं. त्यांनी चष्मा परत लावला. "मी किती लोकांना सांगितलंय, तुला ठाऊक आहे. पेपर मागं घेणं म्हणजे मोडलेल्या लग्नाचं पाहुण्यांना कळवणं."

"फोन म्या करते सर."

"तुझं वर्ष जाईल. जास्तच जाईल. मुखेडची जागा थांबणार नाही तुझ्यासाठी."

"न्हाई थांबणार."

"मग?"

"मग काय सर. जे झालं न्हाई ते झालं म्हणून सही कशी करू? उद्या एखादं लेकरू माझा पेपर वाचून धातूबिगर कराया बसंल. वर्ष घालवंल. आन मनंल, माझ्याच हाताला गुण न्हाई."

सरांनी मान खाली घातली. तिन्ही पट्ट्या तिच्याकडं सरकवत म्हणाले, "लाव फोन. इथूनच लाव. मी बसतो."

गंगम्मांनी सगळं ऐकून घेतलं. "हौ," त्या म्हणाल्या. "शक था मेरे को. पर बोलती तो तुम बुरा मानते. लिख के भेजो, कैसा पकड़े, कैसा धोए." मग थोडं थांबून, "हमारे बच्चे भी पुरानेच वापरते. आज देखती मैं."

फोन ठेवला. शाबासकी नाही, दिलासा नाही. सर उठले, तिच्या खांद्याजवळ हात नेला, तसाच मागं घेतला आणि निघून गेले.

दुपारी मायचा फोन आला. पार्वतीबाईला बालाजीच्या तोंडून आधीच कळलं होतं. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"काय गं, आजीवानी तुझा हातगुण म्हणे. आन आता न्हाई म्हणे?"

"नव्हताच माय. कांडीला धातू चिकटला व्हता."

"मंग आजीच्या बी हाताला नव्हता म्हण की."

महामायाचा विचार ह्या वाटेनं गेला नव्हता. माय तिकडं भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज येत होता.

"आजी शिकली व्हती माय," ती शेवटी म्हणाली. "बघून बघून, करून करून. लोकायला ते मानायचं नव्हतं. शिकली म्हणलं असतं तर हाताला हात द्यावा लागला असता. मनून गुण हाय म्हणले, आन मागच्या दारानं काढलं."

थापण्याचा आवाज थांबला. मग माय म्हणाली, "तव्यावर करपाया लागली. ठेव." आणि फोन बंद.

महामाया टेबलाशी आली. सगळ्या विभागातल्या बीडा गोळा करायला तिनं बालाजीला पाठवलं होतं. त्याचं कुठं भांडण झालं, कुठं विनवण्या कराव्या लागल्या, पण आणल्या. काही पोरींनी सीनियरची म्हणून रुमालात बांधून ठेवलेल्या होत्या. त्या सगळ्या आम्लराजात गेल्या. तोवर तिनं नवीन काम ठरवलं. कमीत कमी किती पॅलॅडियम पुरतो, तेच मोजायचं. कणाच्या खाली जायचं, त्याच्याही खाली, सोयरीक थांबेपर्यंत. लांबचं काम होतं. कुणी त्याला टाळ्या वाजवणार नव्हतं.

तिनं कोरा चंबू घेतला, कोरी बीड सोडली, फडक्यातून खाराचं पाणी गाळून घेतलं. तराजूची काच उघडली, कागदाची घडी ठेवली आणि बोरॉनच्या पावडरीची बाटली जवळ ओढली.

"बालाजी, पंखा बंद कर. पावडर उडती."

"लई गरम व्हतंय ताई."

"व्हऊ दे. बंद कर."

पंखा थांबला. तिनं चमच्याच्या टोकावर पावडर घेतली आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरून वजन करत राहिली.